बाकी कुणाच्या नावावर

कृष्णाकाठच्या एका गावातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन

नमस्कार. व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला विषय दिला तो 'श्रीमंतांचा लोभ आणि गरिबी'. पत्रिकेवर तसाच छापलाय. मी वाणिज्य शाखेला हिशेब शिकवते. लोभ हा विषय कीर्तनाचा, असं आपण धरून चालतो. मला मात्र तो वहीच्या पानावर दिसलेला आहे, म्हणून आज वहीतूनच बोलणार आहे. वही ऊसतोडीची. मी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटाच्या डोंगरातल्या ऊसतोड्याची मुलगी आहे, आणि समोर बसलेल्यांपैकी बरेच जण साखर कारखान्याचे ऊसवाले सभासद आहेत. तेव्हा आपली ओळख जुनी आहे. तुमच्या या शिवारात मी सहा हंगाम काढलेत.

१९९१ सालचा उन्हाळा. मी नऊ वर्षांची होते. कारखान्याचा पट्टा पडला होता, म्हणजे हंगाम संपला होता, आम्ही गावी परतलो होतो आणि मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या ओट्यावर हिशोब चालला होता. टोळीत दहा-बारा कोयते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे तुम्हाला सांगायला नको. पण एकदा थांबून ऐका : दोन जिवंत माणसं, आणि त्यांना मोजायचं त्यांच्या हातातल्या हत्याराने.

मुकादमाने बापाच्या हातात चिठ्ठी दिली. वहीचं फाडलेलं पान. बापाला वाचता येत नव्हतं, त्याने ते माझ्याकडे दिलं. "वाच गं बाई." मी ओट्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने वाचायला लागले. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, ४,०००. किराणा. टायरगाडीचं भाडं. बैलाचं औषध. ताडपत्री. दवाखाना. आणि मग एक ओळ : बाळंतपण, खाडे ६.

माझा धाकटा भाऊ त्या हंगामात उसाच्या फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मला होता. आई जेवढे दिवस फडात उतरली नाही तेवढ्या दिवसांची मजुरी गेलीच होती, वर दर दिवसाचा दंड बापाच्या नावे मांडला होता. पानाच्या तळाशी लिहिलं होतं : बाकी ७४०. दोघांनी सगळा हंगाम ऊस तोडला, आणि शेवटी देणं आमच्याकडेच निघालं.

बाप काही बोलला नाही. आई भाऊला मांडीवर घेऊन खाली बसली होती. ती म्हणाली, "सहा न्हाई, पाच. सहाव्या दिशी म्या फडात गेल्ते." मुकादमाने वही मागे चाळली, बोट फिरवलं, आणि एक खाडा खोडला. ७४० चे ७२५ झाले. दसऱ्याला त्या ७२५ वर नवी उचल चढली आणि आम्ही परत गाडीत बसलो.

पुढे वसतिगृहात राहून शिकले, वाणिज्य शाखेला गेले. पहिल्याच वर्षी सरांनी फळ्यावर लिहिलं की दुहेरी नोंद पद्धतीत कुठलीही रक्कम एकटी नसते. एकीकडे नावे पडली की दुसरीकडे कुठेतरी जमा असतेच. बाकीची मुलं उतरवून घेत होती. मला त्या पाच खाड्यांचा दंड आठवला. आमच्या पानावर तो नावे होता. मग जमा कुठे होता? कोणाच्या वहीत? पंचवीस वर्षं मी हेच शोधते आहे, आणि आजचं भाषण त्या शोधाचं आहे. गरिबीबद्दल आपण बोलतो ते नेहमी तिच्याच पानावरून : शिक्षण नाही, व्यसन आहे, पोरं फार, पाऊस कमी. ते पान खोटं नाही. पण ते अर्धंच पान आहे.

आता आजचा हिशेब मांडू. जानेवारी २०२४ मध्ये साखर कारखान्यांचा संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ च्या ३६६ रुपये झाला. मुकादमाचं कमिशन एका टक्क्याने वाढून २० टक्के झालं. हा करार तीन वर्षांचा, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामापर्यंत हाच दर. वाढ मोठी दिसते. पण आधीचा २७३ चा आकडा जरा जवळून पाहा. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २७३ रुपये होती. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे जुन्या दराने माणशी २७३ च पडत होते. सरकार ज्याला दुसरं कुठलंच काम नाही त्याला जी मजुरी देतं, तेवढीच. फरक इतकाच की रोजगार हमीच्या कामावर दिवस मावळायच्या आत माणूस घरी येतो. फडातली बाई पहाटे तीन-साडेतीनला उठून भाकरी थापते, अंधारात फडाला लागते, आणि रात्री गाडी कधी भरायला येईल ते तिच्या हातात नसतं.

आता उचलीकडे या. आज एका कोयत्याला लाखभर रुपये उचल मिळते, कुठे कमी, कुठे जास्त. लाख धरू. टनाला ३६६ दराने लाख रुपये फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन धरले, एकही खाडा नाही, एकाही दिवशी ताप नाही, पाऊस नाही, कारखाना बंद नाही असं धरलं, तरी १३७ दिवस लागतात. यात खायला काही धरलेलं नाही. खाण्यापिण्यासाठी पंधरा दिवसांनी जी खर्ची मिळते ती याच खात्यावर नावे पडते. आणि २०२४-२५ चा हंगाम किती चालला? बऱ्याच कारखान्यांचं धुराडं शंभर दिवसांच्या आत थंड झालं. ऊस कमी होता, गाळपाची क्षमता वाढलेली होती, सगळ्यांनी मिळून तो लवकर संपवला.

ऊस कमी आला यात तोडणाऱ्याची काय चूक? क्षमता वाढवायचा ठराव त्याला विचारून झाला नव्हता. पाऊस त्याच्या हातात नव्हता. पण हंगाम आखूड झाल्याचा तोटा लिहिला गेला तो त्याच्या पानावर, 'बाकी' म्हणून.

इथे मला माझं म्हणणं स्वच्छ सांगायचं आहे. चार पैसे जास्त मिळावेत असं वाटण्याला मी लोभ म्हणणार नाही. माझ्या बापालाही ते वाटायचं, म्हणून तर तो बालाघाट उतरून इथे यायचा. लोभ मी त्याला म्हणते, की लाभ झाला तर तो माझा, आणि तोटा झाला तर तो खालच्याचा. आणि खालचा असा निवडायचा की ज्याला नाही म्हणता येत नाही. पैशाची हाव एका माणसात मावते. ही व्यवस्था एका माणसाची नसते, ती पायरी-पायरीने बांधलेली असते, आणि म्हणून तिच्यातला कोणताच माणूस स्वतःला लोभी समजत नाही.

याचा दाखला मी घरातलाच देते. कोपीत जन्मलेला तो माझा भाऊ आज मुकादम आहे. ज्याच्या जन्माचे खाडे लागले, तो आज खाडे लावतो. त्याची परवानगी घेऊन हे सांगते आहे. दोन वर्षांमागे मी त्याची वही पाहिली. तापाने पडलेल्या एका बाईच्या नावापुढे तीन खाडे होते. मी चिडले. म्हणाले, "अरे, तुझ्या आईचे खाडे कुणी लावले होते ते आठव." तो शांतपणे म्हणाला, "ताई, गाडी रिकामी उभी राहिली की वरून मला खाडा लागतो. मी खाली लावतो." त्याच्याही अंगावर वाहतूकदाराचे पैसे आहेत. एका वर्षी दोन कोयते उचल घेऊन दुसऱ्या कारखान्याला गेले, तेव्हा त्याने बैलजोडी विकली. तो दुष्ट नाही. तो मधल्या पायरीवर उभा आहे आणि वरून आलेलं खाली देतो आहे.

मग वरच्या पायऱ्या चढू या. मुकादम वाहतूकदाराशी बांधलेला. वाहतूकदाराचा करार कारखान्याशी. मजुराचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. त्यामुळे कोणी गाडीखाली सापडलं, विहिरीत पडलं, कोपी पेटली, की कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. त्यांच्याशिवाय ऊस आत ओढणारी गव्हाण एक दिवस चालत नाही, तरी ते कारखान्याचे नव्हेत. कागदावर ते कोणाचेच नव्हेत. स्टॅम्पपेपरवर अंगठा आहे तेवढाच त्यांचा पुरावा, आणि तोही त्यांच्याविरुद्ध वापरायचा.

देशात वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ प्रमाणे सक्तीची मजुरीच आहे. कारण भूक हीसुद्धा सक्ती असते. हा कायदा, हा निकाल मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवते. त्यांच्यातली निम्मी ऊसतोड्यांची मुलं आहेत. ते विचारतात, मॅडम, मग उचल म्हणजे काय? मी उत्तर देते. पण वर्गाबाहेर ते उत्तर चालत नाही, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत आहे.

कारखानदारीला सरसकट नावं ठेवायला मी आलेले नाही. १९५० च्या अखेरीस प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी, धनंजयराव गाडगीळांसारख्या अर्थतज्ज्ञाला सोबत घेऊन शेतकऱ्यांचा कारखाना सुरू केला, तेव्हा तो नेमका जोखमीचाच प्रश्न होता. एकट्या शेतकऱ्याला सावकार आणि व्यापारी पिळतात, तर शेकडो शेतकऱ्यांनी भाग घालून जोखीम वाटून घ्यावी. सहकाराचा खरा अर्थ तोच : तोटा वाटून घेणं. त्यातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, तुमची घरं माडीची झाली. हे मोठं काम आहे आणि ते मी मनापासून मानते. पण सभासदांपर्यंत वाटली गेलेली जोखीम सभासदांपाशी येऊन थांबली. ऊस पिकवणारा सहकारात आला, तो तोडणारा कधीच आला नाही. त्याच्यासाठी जुना सावकारच राहिला, फक्त त्याचं नाव उचल झालं.

आणि पुढे सहकारातही काय झालं ते तुम्ही पाहिलंत. कारखाने कर्जात गेले, आजारी पडले, लिलावात निघाले. मोलाची मालमत्ता कवडीमोलाने गेल्याच्या तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत पोहोचल्या. २०११ मध्ये राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ दूर करून तिथे प्रशासक बसवावे लागले. आज राज्यात गाळप करणाऱ्या दोनशेच्या आसपास कारखान्यांपैकी निम्मे खासगी आहेत. मी कुणाचं नाव घेणार नाही, मला हिशेबच दाखवायचा आहे. कारखाना बुडाला तेव्हा बुडालेले भाग कुणाचे? सभासदांचे. थकलेलं कर्ज कुणाचं? बँकेचं, म्हणजे ठेवीदारांचं, आणि सरकारने हमी घेतली असेल तिथे सगळ्या जनतेचं. आणि जमीन, यंत्रं, धुराडं? ते नव्या मालकाचं. तीच रीत. फक्त या वेळी खालच्या पायरीवर तुम्ही होता.

कारखान्याच्या वजन-काट्याबद्दल बोलायला हवं. आमच्याकडे बैलांची, भाड्याची टायरगाडी होती. बापाबरोबर मी पुष्कळदा गाडीवर बसून कारखान्याच्या आवारात गेले आहे. रात्रीची थंडी, शेकडो गाड्यांची रांग, बैलांच्या तोंडातून वाफ निघते आहे, मळीचा वास. नंबर लागायला कधी चार तास, कधी सगळी रात्र. बाप बैलांच्या चालीवरून वजन सांगायचा. काट्यावर चढायच्या आधी माझ्या कानात म्हणायचा, "दोन टन शंभर." खिडकीतून आकडा यायचा त्याहून कमी. दर वेळी कमी. एकदाही जास्त आला नाही. अंदाज चुकायचा असता तर कधीतरी दुसऱ्या बाजूलाही चुकला असता, एवढं मला नवव्या वर्षीही कळत होतं. बाप गाडी खाली घ्यायचा, पावती पटक्यात खोचायचा.

काटामारीविरुद्ध शेतकरी संघटनांनी इथेच किती आंदोलनं केली, तुम्ही त्यांत होतात. तुम्ही ती उसाच्या दरासाठी केलीत आणि ते रास्तच होतं. आता समजा, वीस टनांच्या ट्रॉलीमागे एक टन मारला. त्या एका टनाचे तुमचे पैसे गेले. त्याच एका टनाचे तोडणाऱ्याचे ३६६ गेले. वाहतूकदाराचं भाडं गेलं. आणि कारखान्याला एक टन ऊस फुकट आला, ज्याची शंभर किलो साखर कुठल्याच पुस्तकात नाही. एकाच खोट्या आकड्याने तिघांच्या पानावर नावे पडलं आणि एकाच्या घरी जमा झालं. मग तिघांनी मिळून काटा धरायला हवा होता. ते होत नाही. का होत नाही, ते सांगते.

कारण हिशेबाची मांडणीच अशी आहे की तुम्ही आणि आम्ही समोरासमोर यावं. तोडणी-वाहतुकीचा खर्च तुमच्या एफआरपीतून, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान भावातून, वजा होतो. २०२३-२४ ला सव्वादहा टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर, टनामागे ३,१५० रुपये एफआरपी होती, २०२५-२६ ला ती ३,५५० झाली. त्यातून तोडणी आणि वाहतूक कापून उरलेलं तुमच्या खात्यावर येतं. म्हणजे मजुराला ९३ रुपये वाढले, ते कारखान्याने दिलेच नाहीत. ते तुम्ही दिलेत. बैठक तुमच्या संचालकांनी केली, वाढ दिल्याचं श्रेय त्यांनी घेतलं, आणि पैसे तुमच्या बिलातून गेले. मग तुम्हाला फडातली बाई महाग वाटायला लागते. तुमचा राग खाली जातो, तिचा राग तुमच्यावर येतो, आणि मधला वजन-काटा जागच्या जागी राहतो.

कारखान्यांची बाजूही मी वाचली आहे. साखरेचा किमान विक्री दर २०१९ पासून कितीतरी वर्षं किलोला ३१ रुपयांवरच राहिला आणि एफआरपी मात्र वाढत गेली, ही त्यांची तक्रार खरी आहे. पण मग त्याच उसाचं इथेनॉल होतं, बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, वीज होते, ती कमाई सांगताना आवाज बारीक का होतो? ताळेबंद वाचायला मी शिकवते. मला आकडे दाखवा, मी मान्य करीन.

आता सगळ्यांत अवघड प्रश्न. लाख रुपयांच्या कर्जावर स्वतःला बांधून घ्यायला माणसं तयार का होतात? त्यांना नाही का म्हणता येत नाही?

बीड पर्जन्यछायेत आहे. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या तालुक्यांत खरीप झाला तर झाला. दिवाळीनंतर विहिरीला पाणी नाही आणि हाताला काम नाही. राज्यात लागवडीखालच्या जमिनीतली जेमतेम पाच-सहा टक्के जमीन उसाखाली आहे, आणि सिंचनाचं निम्म्याहून जास्त पाणी ऊस पितो. धरण कुठे बांधायचं, कालवा कुठवर न्यायचा, कालव्याच्या पाण्याची पाळी कुठल्या पिकाला आधी, हे निर्णय ज्या टेबलावर होत आले तिथे कोण बसलेलं होतं, हे या जिल्ह्यात मी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी भरून लातूरला न्यावं लागलं, ते इथलंच पाणी. तुम्ही दिलंत, आम्ही ते विसरलो नाही. पण दर वर्षी दिवाळीनंतर मराठवाड्यातून ट्रक भरभरून माणसं पश्चिमेला येतात, त्यांच्या बातम्या होत नाहीत. कोरड्या जमिनीशिवाय इतका स्वस्त मजूर मिळत नाही. ज्याच्या वावरात पाणी आहे तो सहा महिने कोपीत राहायला येत नाही. आमच्या डोंगरात सिंचन आलं असतं तर तोडणीचा दर ३६६ राहिला असता का, हा प्रश्न मी इथे ठेवते. मी स्वतः उत्तर देत नाही, तुम्ही शेती करता, तुम्हाला जास्त कळतं.

जे उन्हाळ्यात लग्न, दवाखाना, बी-बियाणं यासाठी महिना शेकडा पाचने खासगी सावकाराकडून घेतलेलं असतं ते फेडायला दसऱ्याची उचल लागते. एका कर्जातून दुसऱ्या कर्जात. आमच्याकडे म्हणतात, पैसा आधी खाल्ला, आता फेडायला चाललो. काम करण्याआधीच त्याची मजुरी संपलेली असते. अशा माणसाला दर ठरवताना काय बोलता येणार?

बायकांबद्दल मी थोडकंच बोलणार आहे, कारण ते बोलताना माझा आवाज लागत नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींत एक. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. कारणं अनेक सांगितली गेली : उघड्यावरचं जगणं, अंघोळीला आडोसा नाही, जंतुसंसर्ग, कर्करोगाची भीती घालून पैसे करणारे काही डॉक्टर. पण माझ्या गल्लीतल्या एका वहिनीने मला तिचं कारण सांगितलं. ती म्हणाली, "दर महिन्याला दोन-तीन दिस अंग चालत न्हाई. आणि खाडा पडतो." १९९१ च्या चिठ्ठीवरची ती ओळ. तिथे ती शाईने लिहिलेली होती, इथे शरीरावर. आणि शस्त्रक्रियेचे पैसे कुठून आले? उचल घेऊनच.

(श्रोत्यांतून एका सभासदाने विचारलं : मजूर उचल घेऊन येत नाहीत, आले तर एकरी पैसे मागतात, गाडीवान 'एन्ट्री'चे वेगळे पैसे मागतो. आमचा ऊस वाळतो. त्याचं काय?)

खरं आहे. खुशालीच्या, म्हणजे वरच्या बक्षिशीच्या, नावाखाली तुमच्याकडून हजारो रुपये घेतले जातात, ते चूक आहे आणि मी माझ्या माणसांची बाजू घेऊन ते झाकणार नाही. पळून जाणारेही आहेत. माझ्या भावाची बैलजोडी त्यातच गेली, आत्ताच सांगितलं. पण दादा, तुमचा ऊस वाळतो आहे, तुम्हाला घाई आहे, तुम्ही नाही म्हणू शकत नाही, म्हणून तो तुमच्याकडे मागतो. तीच रीत त्याने वरून शिकलेली आहे. जो अडला त्याच्या अडचणीचे पैसे करायचे. तुम्हाला तो अनुभव वर्षातून एकदा येतो आणि किती संताप होतो पाहा. आम्हाला तो दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंत येतो. तोडणाऱ्याला तोडीचा कार्यक्रम वेळेवर आणि नोंदीप्रमाणे मिळाला, त्याची मजुरी सरळ त्याच्या बँक खात्यावर आली, तर खुशाली मागण्याला जागा राहणार नाही. तोडणी यंत्रं येताहेत, येऊ देत. उसाचा फड पेटत्या उन्हात हाताने तोडावा यात काही भूषण नाही. पण यंत्र आलं म्हणून मागची बाकी माफ होत नाही, ती घेऊन माणूस कुठल्या दारात जाणार, हेही त्याच वेळी ठरायला हवं.

तुम्ही सभासद आहात. सप्टेंबरात वार्षिक सभा असते. अहवाल छापून घरी येतो, विषय मंजूर, मंजूर, मंजूर होतात, आणि जेवून लोक घरी जातात. यंदा एक विषय तुम्ही मांडावा असं मला वाटतं : हंगाम ठरलेल्या दिवसांपेक्षा लवकर आटोपला तर न फिटलेली उचल कारखान्याने सोसावी, ती मजुराच्या नावावर पुढच्या वर्षाला ओढू नये. कारखाना मोडतोडीने बंद राहिला त्या दिवसाची मजुरी द्यावी. बाळंतपणाला, तापाला, पाळीला खाडा नाही. आणि तोडणाऱ्याचं नाव कारखान्याच्या पटावर, बाईचं नाव वेगळं, नवऱ्याच्या कोयत्यात बुडवलेलं नको. हे सगळं तुमच्या बिलातून नको, कारखान्याच्या खर्चातून. मग क्षमता वाढवायचा ठराव येईल तेव्हा संचालक दहा वेळा विचार करतील, कारण त्याची जोखीम त्यांच्या पानावर येईल. मला एवढंच हवं आहे. कोणी दानशूर व्हावं, कोपीवर जाऊन ब्लँकेटं वाटावीत, ही माझी मागणी नाही. थंडीत ब्लँकेट लागतंच, जे वाटतात त्यांचे उपकार आहेत. पण माझ्या आईला त्या दिवशी ब्लँकेट नको होतं. तिला एक खाडा खोडून हवा होता, कारण तो खोटा होता.

बाप गेला त्याला आठ वर्षं झाली. त्याच्या पेटीत पावत्यांचा गठ्ठा सापडला, पटक्यात खोचून खोचून घड्यांवर फाटलेल्या. प्रत्येक पावतीच्या मागे त्याने कोळशाने रेघा ओढल्या आहेत. लिहिता येत नव्हतं, म्हणून रेघा : त्याच्या अंदाजाचं वजन. पुढे काट्याचा आकडा, मागे त्याचा. मी त्या बेरजा केल्या आहेत. गठ्ठा आज सोबत आणला आहे, भाषण संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी पुढे या.

आणि मी आज इथेच मुक्कामी आहे. कारखान्याच्या मागच्या माळावर आमच्या तालुक्यातल्या टोळ्या उतरल्या आहेत, तिथे पहाटे साडेतीनला चुली पेटतात. मी त्या वेळी तिकडे जाणार आहे. ज्या सभासदांना यावंसं वाटेल त्यांनी यावं. येताना तुमच्या काट्याच्या पावत्या घेऊन या. त्यांच्याही आणायला सांगितल्या आहेत.